परतीच्या वाटेवरच्या आवृत्त्या

आमच्या पुण्याच्या कार्यालयातील ८६ व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) जुन्या व्हीसेंटरकडून, म्हणजे त्यांचा कारभार पाहणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, नव्या व्हीसेंटरकडे नेण्याचे काम २०२२ च्या जुलैमध्ये माझ्याकडे आले. व्हीसेंटर ज्याचा भाग आहे त्या व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर संचाच्या ६.५ आणि ६.७ या दोन्ही आवृत्त्यांचा सर्वसाधारण आधार (सपोर्ट) १५ ऑक्टोबर २०२२ रोजी संपणार होता आणि आमचे सगळे बस्तान ६.५ वर होते. त्या तारखेनंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नव्हत्या, आणि लेखापरीक्षकांच्या प्रश्नावलीत ‘आधार संपलेली प्रणाली वापरात आहे काय?’ हा प्रश्न दर वर्षी ठरलेलाच असतो. ऑगस्टअखेर गणपती, ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात दिवाळी, आणि मध्ये पितृपक्ष व नवरात्र. म्हणजे कागदावर तीन महिने दिसत असले तरी लोकांना ‘शनिवारी रात्री सिस्टिम बंद राहील’ असे सांगता येतील असे शनिवार मोजून सात-आठच निघत होते.

जुनेच व्हीसेंटर जागच्या जागी वर का चढवले नाही, हा प्रश्न आमच्या साहेबांनी पहिल्याच बैठकीत विचारला, आणि तो रास्त होता. ६.५ वरून थेट ७.० वर जाता येते. पण व्हीसेंटर चढले तरी होस्ट, म्हणजे व्हीएम ज्यांच्यावर चालतात ते खरे सर्व्हर, चढले पाहिजेत ना! होस्टवर बसणाऱ्या ईएसएक्सआय या प्रणालीच्या ७.० मधून लिनक्सच्या धर्तीचे जुने ड्रायव्हर काढून टाकले आहेत आणि आमच्या तिन्ही जुन्या होस्टमधली स्टोरेज कार्डे त्याच ड्रायव्हरवर चालत होती. म्हणून चार नवे होस्ट घेतले गेले. व्हीसेंटरही नवेच उभारायचे ठरले, कारण जुने विंडोजवर बसवलेले होते आणि ७.० पासून विंडोजवरचे व्हीसेंटर उरलेलेच नाही. आणखी एक मार्ग होता : जुने होस्ट एकेक करून नव्या व्हीसेंटरला जोडायचे. व्हीसेंटर नेहमी होस्टच्या बरोबरीचे किंवा त्यापुढचे लागते, आणि व्हीसेंटर ७.० ला ६.५ चे होस्ट सांभाळता येतात, त्यामुळे नियमात ते बसत होते. पण त्या होस्टची सगळी नेटवर्क कार्डे जुन्या व्हीसेंटरच्या डिस्ट्रिब्युटेड स्विचला (सगळ्या होस्टना सामायिक असलेल्या आभासी नेटवर्क स्विचला) बांधलेली होती आणि होस्ट हलवला की त्यावरची पंचवीस-तीस व्हीएम एकदमच हलणार होती. मला एकेक व्हीएम हलवायचे होते, म्हणजे बिघडले तर एकच परत आणता येईल. हे वाक्य मी त्या बैठकीत मोठ्या आत्मविश्वासाने उच्चारले होते.

मग आवृत्त्यांचा तक्ता मांडला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की एकीकडे ६.५ आणि दुसरीकडे ७.० एवढाच हिशोब आहे. प्रत्यक्षात व्हीएम एका व्हीसेंटरकडून दुसऱ्याकडे जाताना निदान पाच निरनिराळे आकडे जुळावे लागतात : व्हीसेंटरची आवृत्ती, होस्टवरच्या ईएसएक्सआयची आवृत्ती, खुद्द व्हीएमच्या आभासी हार्डवेअरची आवृत्ती, प्रोसेसरची पिढी, आणि डिस्ट्रिब्युटेड स्विचची आवृत्ती.

पहिल्या आकड्याबाबत आमचे नशीब बरे होते. दोन व्हीसेंटरमध्ये चालू व्हीएम हलवण्याची सोय व्हीस्फिअर ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून आहे. पण पडद्यावरून ते करायचे तर दोन्ही व्हीसेंटर एकाच सिंगल साइन-ऑन (सामायिक लॉगिनच्या) डोमेनमध्ये जोडलेली असावी लागत. आमची दोन्ही वेगवेगळ्या डोमेनमध्ये होती. अशांना पूर्वी एपीआय (प्रोग्रॅममधून आज्ञा देण्याची सोय) वापरून किंवा व्हीएमवेअरच्या अभियंत्यांनी प्रयोग म्हणून दिलेल्या एका छोट्या साधनाने काम भागवावे लागे. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ७.० अपडेट १सी पासून ती सोय क्लायंटमध्येच आली. नव्या व्हीसेंटरमध्ये क्लस्टरवर, म्हणजे होस्टच्या गटावर, उजवी क्लिक करायची, ‘इम्पोर्ट व्हीएम्स’ निवडायचे, जुन्या व्हीसेंटरचे नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड द्यायचा, प्रमाणपत्राचा ठसा मान्य करायचा, की जुन्या घराची सगळी यादी समोर येते. अट एवढीच की स्रोत व्हीसेंटर किमान ६.५ असावे. आम्ही बरोबर उंबरठ्यावर होतो. नव्या बाजूला ७.० अपडेट ३ घ्यायचे ठरले. त्याच्या सुरुवातीच्या होस्ट आवृत्त्या नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घेतल्या गेल्या होत्या आणि दुरुस्त अपडेट ३सी जानेवारी २०२२ मध्ये आली होती, त्यामुळे ‘अपडेट ३’ एवढेच न लिहिता पुढचे अक्षरही तक्त्यात लिहायचे असा दंडक मी घालून घेतला. ‘७.० आहे’ या उत्तराला या कामात काहीच अर्थ नसतो.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी चाचणीसाठी दहा बिनमहत्त्वाची व्हीएम निवडली. पहिले व्हीएम होते एक जुने इन्व्हेंटरी पोर्टल, जे बंद पडले असते तरी चार दिवस कोणाच्या लक्षात आले नसते. विझार्डची पाने भराभर पुढे गेली आणि नेटवर्क निवडण्याच्या पानावर लाल पट्टी आली. तिचा आशय असा : या व्हीएमचे नेटवर्क कार्ड निवडलेले नेटवर्क वापरू शकत नाही, कारण मुक्कामाच्या डिस्ट्रिब्युटेड स्विचची आवृत्ती किंवा निर्माता मूळ स्विचपेक्षा वेगळा आहे. जुना स्विच ६.५.० चा होता. नवा आम्ही उत्साहाने सर्वांत ताजा, ७.०.३ चा बनवला होता. ‘ताजे ते चांगले’ या समजुतीचा हा पहिला प्रसाद.

मला सुचलेला पहिला तोडगा असा होता की नव्या होस्टवर तात्पुरता साधा, त्या होस्टपुरताच असणारा स्टँडर्ड स्विच करावा आणि व्हीएम त्यावर उतरवावे. तो चालत नाही. स्टँडर्डवरून स्टँडर्डवर जाता येते, स्टँडर्डवरून डिस्ट्रिब्युटेडवर जाता येते, डिस्ट्रिब्युटेडवरून डिस्ट्रिब्युटेडवरही जाता येते. पण डिस्ट्रिब्युटेडवरून स्टँडर्डवर उतरता येत नाही. याचे व्यावहारिक उत्तर उलट दिशेने निघते : जुन्या होस्टवरच त्याच व्हीलॅनचा (नेटवर्कच्या त्याच कप्प्याचा) एक स्टँडर्ड पोर्टग्रुप, म्हणजे स्विचवरचा जोडण्यांचा गट, करायचा, चालू व्हीएमचे कार्ड आधी त्यावर आणायचे आणि मग पलीकडच्या डिस्ट्रिब्युटेड स्विचवर चढवायचे. दोन व्हीएम आम्ही अशी नेली आणि ती गेली. पण नेल्यावर सहज मनात आले की हीच दोन उद्या परत आणायची झाली तर? ती आता ७.०.३ वर होती. मागे ६.५.० आणि स्टँडर्ड. दोन्ही दारे बंद.

तेव्हा मात्र आम्ही योग्य तेच केले. व्हीसेंटर ७.० मध्ये डिस्ट्रिब्युटेड स्विच बनवताना त्याची आवृत्ती निवडता येते आणि ६.५.० हा पर्याय तिथे आहे. एकदा वर चढवलेला स्विच खाली आणता येत नाही, म्हणून ७.०.३ चा रिकामा करून पुसला, त्याच नावांच्या पोर्टग्रुपसह ६.५.० चा नवा केला, आणि चाचणीची दहाही व्हीएम दोन्ही दिशांनी, चालू स्थितीत, पिंगचा एखादाच ठोका चुकवत ये-जा करू लागली. क्लस्टरच्या सेटिंगमध्ये नव्या व्हीएमसाठीची मूळ सुसंगतता ‘ईएसएक्सआय ६.५ आणि पुढे’ अशी करून ठेवली, म्हणजे नव्या घरात जन्मणारे व्हीएमही हार्डवेअर आवृत्ती १३ चेच असेल. माझी छाती त्या दिवशी जरा जास्तच फुगली असावी, कारण त्यानंतरच्या तीन चुका मला दिसल्याच नाहीत.

पहिली चूक ईव्हीसीची. प्रोसेसरच्या पिढ्या वेगळ्या असल्या तरी चालू व्हीएम इकडून तिकडे जावे यासाठी क्लस्टरला एक समान पातळी लावतात; तीच ईव्हीसी. त्या पातळीपलीकडच्या सूचना प्रोसेसरला येत असल्या तरी व्हीएमला त्या दिसू दिल्या जात नाहीत. जुन्या क्लस्टरमध्ये हॅसवेल आणि ब्रॉडवेल पिढ्यांचे प्रोसेसर मिश्र होते, म्हणून तिथे पातळी हॅसवेलची होती. नवे चारही होस्ट आइस लेक पिढीचे, एकसारखे. होस्ट बसवायला आलेल्या पुरवठादाराच्या अभियंत्याने सांगितले की सगळे होस्ट सारखेच असताना ईव्हीसी लावायची गरज नाही, उगाच नव्या प्रोसेसरचा वेग कशाला मारायचा. मलाही ते पटले. नवी गाडी घेऊन ती जुनीच्या चालीने का हाकायची? जुन्याकडून नव्याकडे जाताना तर अडचण नव्हतीच : हॅसवेलला जे येते ते आइस लेकला येतेच. आणि चाचणीत व्हीएम परतही आली होती की!

परत आली होती, पण का, हे मला तेव्हा उमगले नव्हते. व्हीएमला प्रोसेसरची कोणती गुणवैशिष्ट्ये दाखवायची हे ते सुरू होताना, म्हणजे वीज देण्याच्या क्षणी ठरते. चालू स्थितीत आलेले व्हीएम नव्या होस्टवरही हॅसवेलचाच चष्मा घालून बसलेले असते. आतून विंडोज किंवा लिनक्स रीबूट केले तरी तो चष्मा उतरत नाही. पण एकदा ते पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केले की त्याला आइस लेक जसा आहे तसा, एव्हीएक्स-५१२ या नव्या सूचनांसकट दिसतो, आणि मग ते चालू स्थितीत हॅसवेलकडे परत येऊ शकत नाही. म्हणजे आमच्या चाचणीतली परतीची वाट खरी होती, पण ती प्रत्येक व्हीएमच्या पहिल्या पूर्ण शटडाउनपर्यंतच उघडी होती, आणि ती बंद झाल्याची कसलीही सूचना कुठे येत नाही.

२० ऑगस्टच्या शनिवारी दुसरी तुकडी नेली. तीत पगाराच्या सॉफ्टवेअरचे ॲप्लिकेशन सर्व्हर होते. त्याचा डेटाबेस मात्र मागेच ठेवला होता, कारण त्याची डिस्क थेट स्टोरेजवरून फिजिकल मोडमध्ये जोडलेली होती आणि ती हलवायची तर व्हीएम बंद ठेवून, स्टोरेजवाल्यांना बरोबर घेऊन काम करावे लागणार होते. व्हीलॅन दोन्हीकडे तोच असल्यामुळे ॲप्लिकेशन इकडे आणि डेटाबेस तिकडे असे काही आठवडे चालेल असे मी धरून चाललो. रोजच्या हजेरीच्या नोंदींना ते चाललेही. पण मंगळवारी पगाराचा हिशोब सुरू झाला आणि एरवी अडीच तासांत उरकणारे काम सात तासांतही संपेना. ते सॉफ्टवेअर एकेका कर्मचाऱ्यासाठी शेकडो लहान लहान प्रश्न डेटाबेसला विचारते. प्रत्येक प्रश्नाला मधल्या तारेवर लागणारा जादा वेळ क्षुल्लक, पण लाखोंनी गुणल्यावर तो क्षुल्लक राहत नाही.

बुधवारी सकाळी लेखा विभागाच्या मॅडमचा फोन आला. “हे बघा, पुढच्या बुधवारी गणपती बसतायत. सोमवारपर्यंत सगळ्यांच्या खात्यात पगार पडायला हवा, तुम्ही काय ते करा.” त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच मी अधिक घाबरलो.

कारण नेमके कळायच्या आधी आम्ही अंधारात एक बाण मारला होता : व्हीएमची मेमरी कमी पडते आहे असे समजून ती १६ वरून ३२ जीबी केली. चालू असताना मेमरी वाढवण्याची सोय त्या व्हीएमवर सुरू नव्हती, म्हणून बुधवारी दुपारी ते पूर्ण बंद करावे लागले. माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याने ते बंद केले, मेमरी वाढवली, आणि समोरच सुसंगतता वाढवण्याचा पर्याय दिसत होता म्हणून ‘बंद आहेच तर हेही उरकून घेऊ’ अशा सरळ मनाने हार्डवेअर आवृत्ती १३ वरून १९ केली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही; हार्डवेअर आवृत्तीला हात लावायचा नाही, हे मी क्लस्टरच्या सेटिंगला सांगितले होते, त्याला सांगितले नव्हते. माझी दुसरी चूक ती. वेग अर्थातच वाढला नाही.

गुरुवारी दुपारी डेटाबेसचे अंतर हेच कारण असल्याची खात्री पटली आणि साहेबांनी निर्णय दिला : डेटाबेसला आत्ता हात लावायचा नाही, ॲप्लिकेशन परत न्या. “एकेक परत आणता येईल म्हणाला होतात ना?” असे ते हसून म्हणाले. संध्याकाळी सहा वाजता मी व्हीएमवर उजवी क्लिक करून दुसऱ्या व्हीसेंटरकडे निर्यात करण्याचा पर्याय निवडला. तपासणीच्या पानावर दोन लाल ओळी आल्या. एक प्रोसेसरबद्दल : मुक्कामाच्या होस्टला या व्हीएमला लागणारी वैशिष्ट्ये पुरवता येत नाहीत. दुसरी हार्डवेअर आवृत्तीबद्दल. पहिलीवर उपाय सोपा होता, कारण बंद व्हीएमला प्रोसेसरची पिढी अडवत नाही. ते बंद करून नेले की झाले. दुसरीवर तसा उपाय नव्हता. ईएसएक्सआय ६.५ ला हार्डवेअर आवृत्ती १३ पर्यंतच कळते. १९ चे व्हीएम चालू असो वा बंद, त्याला ते परकेच. आवृत्ती वर नेण्यासाठी एक क्लिक पुरते, खाली आणण्यासाठी बटणच नाही. चढवण्याआधीचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) असता तर त्यावर परत जाता आले असते. तो घेतलेला नव्हता.

मग राहिला जुना, हाताने करायचा मार्ग : नव्याच क्लस्टरवर १३ आवृत्तीचे एक रिकामे व्हीएम तयार करायचे आणि त्याला जुन्याच्या डिस्क लावायच्या. सांगायला एक ओळीचे हे काम आहे, पण त्यात पाहावे लागते ते बारकाईने. फर्मवेअर, म्हणजे संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर, जुन्याचे बायोस आहे की ईएफआय, हे आधी पाहायचे; चुकले तर विंडोज बूटच होत नाही. डिस्क कंट्रोलर त्याच प्रकारचा निवडायचा आणि डिस्क त्याच क्रमांकावर लावायच्या. डिस्क काढताना ‘डेटास्टोअरमधूनही फाइली पुसा’ ही चौकट मोकळी आहे ना, हे आम्ही दोघांनी मोठ्याने वाचून खात्री केली आणि त्याआधी संपूर्ण व्हीएमचा क्लोन घेतला. १८० जीबीचा तो क्लोन होईपर्यंत मी कँटीनमधून आलेला गार वडापाव खाल्ला, तेवढीच काय ती विश्रांती. नवे व्हीएम सुरू झाले तेव्हा विंडोजला त्यातले नेटवर्क कार्ड नवे वाटले, कारण मॅक ॲड्रेस वेगळा होता; जुना आयपी एका अदृश्य झालेल्या कार्डाच्या नावावर अडकून बसला होता. लपलेली उपकरणे दाखवायला सांगून ते भूत काढले, आयपी हाताने भरला. पगाराचे सॉफ्टवेअर उघडले. घड्याळात पावणेदहा.

व्हीएम बंद केले, पुन्हा निर्यात केली. या वेळी तपासणी हिरवी. काम सुरू झाले आणि काही टक्क्यांवर जाऊन थिजले, मग होस्टशी संपर्क होत नसल्याचा संदेश देऊन पडले. तिसरी चूक ही होती. दोन्ही बाजूंच्या व्यवस्थापन नेटवर्कमध्ये फायरवॉल होता. व्हीमोशनसाठी (चालू व्हीएम हलवण्यासाठी) पोर्ट ८००० आणि फाइली वाहून नेण्यासाठी ९०२ उघडण्याचा अर्ज मी जुलैमध्ये केला होता. त्या अर्जात ८००० दोन्ही दिशांनी मागितले होते आणि ९०२ फक्त ‘जुने ते नवे’ असे लिहिले होते. चाचणीत नवीकडून जुनीकडे आलेली व्हीएम सगळी दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या एकाच एनएफएस डेटास्टोअरवर (नेटवर्कवरच्या सामायिक साठ्यावर) होती, म्हणून त्यांच्या डिस्क कधी वाहून न्याव्याच लागल्या नव्हत्या. परत येताना डिस्कसकट सगळे ओझे उचलून आणण्याचा हा पहिलाच प्रसंग. नेटवर्क विभागातल्या मित्राला रात्री साडेदहाला उठवले. “अरे, अर्जात उलटी दिशा तूच लिहिली नव्हतीस,” असे तो म्हणाला आणि नियम टाकून दिला. सव्वाबाराला व्हीएम जुन्या घरी सुरू झाले. शुक्रवारी सकाळी हिशोब तीन तासांच्या आत पूर्ण झाला आणि सोमवारी पगार झाले.

गणपतीच्या दहा दिवसांत कोणतेही स्थलांतर करायचे नाही असे आधीच ठरले होते, त्यामुळे मला बसून विचार करायला वेळ मिळाला. तक्त्यात प्रत्येक व्हीएमपुढे ‘जाईल का?’ असा एक रकाना होता. त्याशेजारी ‘परत येईल का?’ आणि ‘कशाने येईनासे होईल?’ असे दोन रकाने वाढवले. ते भरताना लक्षात आले की मी जे काही तपासले होते ते एका दिशेचे होते : नवे जुन्याला समजून घेते का, हे मी पाहिले, जुने नव्याला समजून घेईल का, हे स्विचखेरीज कुठेच पाहिले नाही. सुसंगततेचे अधिकृत तक्ते असोत की विझार्डमधली तपासणी, त्या आपण विचारलेल्या दिशेचेच उत्तर देतात, आणि तेही त्या क्षणापुरते.

आता नव्या क्लस्टरला हॅसवेलची पातळी लावायची होती, आणि इथे एक गमतीदार पेच निघाला. ईव्हीसी खालच्या पातळीवर लावायची तर त्या पातळीपेक्षा जास्त वैशिष्ट्ये पाहणारे एकही व्हीएम होस्टवर चालू असता कामा नये. चाचणीनंतर पूर्ण बंद-चालू झालेली अशी तीन व्हीएम होती, ती बंद करता आली असती. पण चौथे होते खुद्द नवे व्हीसेंटर. ते याच होस्टवर जन्मले होते आणि पहिल्या दिवसापासून आइस लेक पाहत होते. ते बंद केल्याशिवाय ईव्हीसी लागणार नाही, आणि ते बंद केले तर ईव्हीसी लावणार कोण?

उत्तर आहे, फक्त धीर लागतो. शेजारी दुसरा रिकामा क्लस्टर बनवला आणि त्याला रिकामा असतानाच हॅसवेलची पातळी लावली. एक होस्ट मोकळा करून या क्लस्टरमध्ये आणला. मग व्हीसेंटर ज्या होस्टवर होते त्यात थेट ब्राउझरमधून लॉगिन करून व्हीसेंटर व्यवस्थित बंद केले, त्याची तिथली नोंद काढली (फाइली तशाच ठेवून, स्टोरेज सामायिक होते), आणि दुसऱ्या क्लस्टरमधल्या होस्टवर लॉगिन करून तिथे त्याची नोंद केली, सुरू केले. होस्टला लावलेली पातळी व्हीसेंटर बंद असतानाही होस्टकडे टिकून राहते, म्हणून ते उठले ते हॅसवेलचा चष्मा घालूनच. त्या मधल्या दहा-बारा मिनिटांत क्लायंटचा पडदा पांढराफटक होता आणि माझा सहकारी दर अर्ध्या मिनिटाने ‘सर, अजून नाही’ म्हणत होता. त्यानंतर बाकीची व्हीएम आणि उरलेले तीन होस्ट एकेक करून इकडे आणणे हे नेहमीचे काम होते.

अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यापासून उरलेली व्हीएम नेली. डिस्कसह स्थलांतर असल्यामुळे एका होस्टवरून एका वेळी दोनच हलतात, म्हणून घाई करून उपयोग नव्हता. पॉवरसीएलआय या व्हीएमवेअरच्या आज्ञा-साधनात एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती आधी हार्डवेअर आवृत्ती, जोडलेल्या आयएसओ (सीडीच्या प्रतिमा-फाइली) आणि स्नॅपशॉट तपासे आणि मगच व्हीएमला हात लावे. एकमेकांशी सतत बोलणारी व्हीएम एकाच तुकडीत ठेवली. १ ऑक्टोबरच्या शनिवारी पगाराचे ॲप्लिकेशन आणि त्याचा डेटाबेस दोन्ही बंद करून, स्टोरेजवाल्यांना शेजारी बसवून, एकत्र नेले. बॅकअपच्या सॉफ्टवेअरला मात्र ही सगळी व्हीएम कोरी करकरीत वाटली, कारण नव्या व्हीसेंटरने त्यांना स्वतःचे नवे अंतर्गत क्रमांक दिले होते. त्यामुळे पहिल्या रविवारी सर्वांचा पूर्ण बॅकअप पुन्हा घेतला गेला आणि टेपची खोली भरून गेली. व्हीएमवर लावलेले टॅग आणि खास परवानग्याही मागेच राहिल्या होत्या. त्या यादीवरून पुन्हा लावल्या.

जुने व्हीसेंटर आणि जुने होस्ट दिवाळी होईपर्यंत रिकामे पण चालू ठेवले. १२ नोव्हेंबरच्या शनिवारी ते बंद केले आणि त्यानंतरच, त्याच दुपारी, परतीचे दरवाजे एकेक करून आपल्या हाताने लावले : स्विच ६.५.० वरून ७.०.३, क्लस्टरची पातळी हॅसवेलवरून आइस लेक, फायरवॉलचे नियम रद्द, आणि ज्यांना बंद ठेवण्याची परवानगी मिळाली त्या व्हीएमची हार्डवेअर आवृत्ती १९. ‘परत येईल का?’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘नाही’ लिहिले गेले. पगाराच्या व्हीएमची आवृत्ती तेवढी १३ ठेवली. त्याला बंद करण्याची परवानगी मागायला मी मॅडमच्या टेबलाशी गेलो होतो, त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले, “आत्ता पगार वेळेवर होतोय ना?” मी हो म्हणालो आणि परत आलो.